ऊर्ध्व कृष्णा खोरे : भूगोल, हवामान आणि पूर

ऊर्ध्व कृष्णा खोरे हे कृष्णा नदीच्या उगमाकडील पाणलोट क्षेत्र आहे. ते मुख्यतः महाराष्ट्रातील सातारा, सांगली व कोल्हापूर या जिल्ह्यांत आणि काही अंशी कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यात पसरलेले आहे. या लेखात कृष्णेच्या उगमापासून दूधगंगेच्या संगमापर्यंतच्या खोऱ्याचा पुराच्या दृष्टीने विचार केला आहे. या खोऱ्यातील बहुतेक पाऊस सह्याद्रीच्या माथ्यालगतच्या अरुंद पट्ट्यात पडतो. महापुराचा सर्वाधिक फटका मात्र पूर्वेकडील कमी पावसाच्या, सपाट आणि दाट वस्तीच्या प्रदेशाला बसतो. सांगली शहराला पूर येतो तेव्हा तेथे स्वतःचा पाऊस फारसा झालेला असेलच असे नाही. पाऊस एका ठिकाणी आणि पूर दुसऱ्या ठिकाणी, ही या खोऱ्याची मूळ ओळख आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांतील महापुरांमुळे या खोऱ्याच्या अभ्यासाला विशेष महत्त्व आले आहे.

व्याप्ती आणि सीमा

ज्या भूभागावर पडलेले पावसाचे पाणी उताराने वाहत जाऊन एकाच नदीला मिळते, त्या भूभागाला त्या नदीचे पाणलोट क्षेत्र म्हणतात. दोन पाणलोट क्षेत्रांना विभागणाऱ्या उंच रेषेला जलविभाजक असे नाव आहे. ऊर्ध्व कृष्णा खोऱ्याची पश्चिम सीमा सह्याद्रीचा मुख्य माथा ही आहे. या माथ्याच्या पश्चिमेला पडलेला पाऊस सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री यांसारख्या नद्यांतून अरबी समुद्राला मिळतो, तर पूर्वेला पडलेला पाऊस कृष्णेतून बंगालच्या उपसागराकडे जातो. उत्तर व ईशान्य बाजूंना महादेव डोंगररांग कृष्णेचे खोरे भीमेच्या खोऱ्यापासून वेगळे करते. भीमा ही कृष्णेचीच उपनदी असली, तरी ती बरीच पुढे, कर्नाटक-तेलंगणाच्या सीमाभागात कृष्णेला मिळते. त्यामुळे सांगली-कोल्हापूरच्या पुराशी तिचा संबंध येत नाही.

कृष्णेची एकूण लांबी सुमारे १,४०० किलोमीटर असून तिच्या संपूर्ण खोऱ्याचे क्षेत्रफळ सुमारे २ लाख ५९ हजार चौरस किलोमीटर आहे. तिचा उगम महाबळेश्वर येथे सुमारे १,३०० मीटर उंचीवर होतो. तेथून अरबी समुद्र सरळ रेषेत सुमारे ६५ किलोमीटर अंतरावर आहे. तरीही जमिनीच्या कलामुळे नदी पूर्वेकडे वळते आणि संपूर्ण द्वीपकल्प ओलांडून आंध्र प्रदेशात हंसलादीवीजवळ समुद्राला मिळते.

भूरचना

हा प्रदेश दख्खनच्या पठाराचा भाग आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी झालेल्या लाव्हारसाच्या उद्रेकांतून बेसाल्ट खडकाचे थरांवर थर साचले आणि हे पठार तयार झाले. महाबळेश्वर, पाचगणी, कास येथील माथ्यांवर बेसाल्टची झीज होऊन बनलेला जांभा खडक आढळतो. या सपाट माथ्यांना स्थानिक बोलीत ‘सडा’ म्हणतात. पाचगणीचे ‘टेबललँड’ हे त्याचेच उदाहरण होय.

उंची आणि उतार यांनुसार खोऱ्याचे तीन भाग पडतात.

पहिला भाग सह्याद्रीचा माथा आणि त्यालगतच्या दऱ्यांचा. येथील उंची साधारण ८०० ते १,४०० मीटर आहे. नद्यांची पात्रे अरुंद, खडकाळ आणि तीव्र उताराची आहेत. महाबळेश्वरहून निघालेली कृष्णा वाईपर्यंतच्या छोट्याशा प्रवासात सुमारे ६०० मीटर खाली उतरते.

दुसरा भाग मधल्या रुंद दऱ्यांचा. सह्याद्रीतून पूर्वेकडे व आग्नेयेकडे गेलेल्या डोंगररांगांच्या मधून या दऱ्या वाहतात. धोम, कण्हेर, चांदोली, राधानगरी ही धरणे या पट्ट्याच्या तोंडाशी बांधलेली आहेत. तेथे दरी धरण बांधण्याइतकी अरुंद आणि पाणी साठवण्याइतकी खोल असते.

तिसरा भाग कराडच्या खाली सुरू होणाऱ्या मैदानाचा. कराड, सांगली आणि कोल्हापूर ही तिन्ही शहरे समुद्रसपाटीपासून साधारण ५५० ते ५७० मीटर उंचीवर आहेत. डोंगरात शेकडो मीटर उतरलेली नदी येथे प्रत्येक किलोमीटरला अगदी थोडी उतरते. त्यामुळे तिचा वेग मंदावतो, ती नागमोडी वळणे घेते आणि सोबत आणलेला गाळ काठांवर पसरवते. काठावरील या गाळाच्या जमिनीला ‘मळी’ म्हणतात. ऊस आणि भाजीपाल्यासाठी प्रसिद्ध असलेली ही सुपीक जमीन पुरानेच निर्माण केलेली आहे. पूरमैदान हा नदीचाच एक भाग असतो. वर्षातील बहुतेक काळ तो कोरडा असल्याने त्याची गणना जमिनीत होते, एवढेच.

नदीप्रणाली

कृष्णेला उगमाकडील भागात वेण्णा, उरमोडी आणि तारळी या उपनद्या उजव्या काठाने मिळतात. वेण्णेचा संगम साताऱ्याजवळ संगम माहुली येथे, तर तारळीचा उंब्रज येथे होतो.

कोयना ही या खोऱ्यातील सर्वांत महत्त्वाची उपनदी होय. तीही महाबळेश्वरलाच उगम पावते, परंतु कृष्णेप्रमाणे पूर्वेकडे न जाता सह्याद्रीच्या माथ्याला समांतर दक्षिणेकडे वाहते. हेळवाकजवळ ती काटकोनात पूर्वेकडे वळते आणि कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. माथ्याला समांतर वाहिल्यामुळे तिच्या पाणलोट क्षेत्राचा फार मोठा वाटा अतिपावसाच्या पट्ट्यात येतो. कराडला दोन्ही नद्या जवळजवळ समोरासमोरून येऊन मिळतात आणि एकत्रित प्रवाह पूर्वेकडे वळतो.

वारणा नदी पाथरपुंजच्या परिसरात उगम पावून सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहते आणि सांगलीलगत हरिपूर येथे कृष्णेला मिळते. डाव्या काठाने येणारी येरळा दुष्काळी खटाव तालुक्यातून वाहत ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. बहुतेक वर्षे तिचे पात्र पावसाळ्यातही फारसे भरत नाही.

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांच्या संगमातून कोल्हापूरजवळ प्रयाग चिखली येथे पंचगंगा तयार होते. पाचवी नदी गुप्त सरस्वती मानली जाते. पंचगंगा सुमारे ८० किलोमीटर नागमोडी वाहत शिरोळ तालुक्यातील नृसिंहवाडी येथे कृष्णेला मिळते. त्यापुढे कर्नाटकाच्या हद्दीत वेदगंगेचे पाणी घेऊन येणारी दूधगंगा कृष्णेत येते.

नकाशावर या नद्या पसरलेल्या हाताच्या बोटांसारख्या दिसतात. कराड ते नृसिंहवाडी या पट्ट्यात कोयना, वारणा आणि पंचगंगा या तीन मोठ्या नद्या कृष्णेला येऊन मिळतात. या सर्वांची उगमक्षेत्रे एकाच पर्वतमाथ्यावर आहेत. साहजिकच पावसाचा मोठा टप्पा सर्वांवर एकाच वेळी येतो आणि त्यांचे पूर थोड्याफार अंतराने एकाच मैदानात गोळा होतात.

हवामान

मोसमी पाऊस

खोऱ्यातील पाऊस प्रामुख्याने नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांपासून जून ते सप्टेंबर या काळात पडतो. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीच्या उभ्या कड्यांवर आदळून वर चढतात. वर गेलेली हवा प्रसरण पावते, थंड होते आणि तिच्यातील बाष्पाचे पावसात रूपांतर होते. या पावसाला प्रतिरोध पर्जन्य म्हणतात. माथा ओलांडल्यावर हीच हवा खाली उतरते, तापते आणि कोरडी होते. त्यामुळे माथ्याच्या पूर्वेला पर्जन्यछायेचा प्रदेश तयार होतो.

पावसातील हा फरक अतिशय कमी अंतरात दिसून येतो. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर अवघ्या काही किलोमीटरांवरील पाचगणीला त्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि पायथ्याच्या वाईला एक हजार मिलिमीटरपेक्षाही कमी. कोल्हापूर जिल्ह्यातील गगनबावडा येथे पाच हजार मिलिमीटरहून अधिक, त्याच्या पूर्वेला सुमारे ५५ किलोमीटरवरील कोल्हापूर शहरात एक हजार मिलिमीटरच्या आसपास आणि आणखी पूर्वेला शिरोळमध्ये सुमारे ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस होतो. खटाव, कवठे महांकाळ हे तालुके तर अवर्षणप्रवण म्हणूनच ओळखले जातात.

हंगामी वितरण

माथ्यावर नव्वद टक्क्यांहून अधिक पाऊस या चार महिन्यांत पडतो आणि त्यातही जुलै व ऑगस्ट हे सर्वाधिक पावसाचे महिने असतात. पूर्वेकडील भागात एप्रिल-मेमधील वळवाचा पाऊस आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधील परतीचा पाऊस यांचा वाटा लक्षणीय असतो. तेथील पिकांची भिस्त सप्टेंबरवर असते, तर नद्यांना पूर येतो तो जुलै-ऑगस्टमधील पश्चिमेकडील पावसामुळे. एकाच तालुक्यात नदीकाठी पिके पाण्याखाली आणि माळावर पेरण्या खोळंबलेल्या, असे दृश्य यामुळेच दिसते.

अतिवृष्टीची स्थिती

माथ्यावर दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस ही जुलै महिन्यात असामान्य गोष्ट नाही. अतिवृष्टी मुख्यतः दोन प्रणाली एकाच वेळी सक्रिय झाल्यावर होते. एक म्हणजे पश्चिम किनाऱ्याला समांतर निर्माण होणारा कमी दाबाचा पट्टा, आणि दुसरी म्हणजे बंगालच्या उपसागरात तयार होऊन मध्य भारताकडे सरकणारे कमी दाबाचे क्षेत्र. या क्षेत्रामुळे अरबी समुद्रावरील वाऱ्यांचा जोर वाढतो आणि घाटमाथ्यावर पाऊस अनेक दिवस टिकून राहतो. २२-२३ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वर येथे २४ तासांत ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली.

रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात व्यापक अतिवृष्टीच्या घटनांमध्ये तिपटीने वाढ झाली. अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पातील वाढते चढउतार हे त्याचे एक प्रमुख कारण म्हणून या अभ्यासात दाखवले आहे.

पावसाचे पुरात रूपांतर

जमिनीची धारणशक्ती

पडलेला सर्व पाऊस लगेच नदीत येत नाही. जूनमधील पहिला पाऊस कोरडी माती, जांभ्यातील पोकळ्या आणि बेसाल्टमधील भेगा भरण्यात खर्ची पडतो. बेसाल्ट हा मुळात कठीण खडक असल्याने त्याची पाणी धरून ठेवण्याची क्षमता मर्यादित असते. जुलैच्या मध्यापर्यंत डोंगरउतारावरील मातीचा पातळ थर तुडुंब भिजतो, ठिकठिकाणी झरे वाहू लागतात आणि त्यानंतर पडणाऱ्या पावसाचा मोठा हिस्सा थेट ओढ्यानाल्यांत उतरतो. त्यामुळे जूनमध्ये निर्धोक ठरणारा पाऊस ऑगस्टमध्ये पूर आणू शकतो. पुराचा अंदाज बांधताना त्या दिवसाच्या पावसाइतकेच महत्त्व आधीच्या दोन-तीन आठवड्यांच्या पावसाला असते.

कोयना, चांदोली आणि राधानगरी येथील दाट वने पावसाचा मारा सोसतात आणि मातीची धूप रोखतात. २०१२ मध्ये या वनांचा व कास पठाराचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. मध्यम पावसात वनांमुळे पूर उशिरा व कमी प्रमाणात येतो. मात्र माती पूर्ण भिजल्यानंतरची सलग अतिवृष्टी वनांनाही थोपवता येत नाही.

पाण्याचे प्रमाण

पावसाचे आकडे मिलिमीटरमध्ये, धरणाचा साठा टीएमसीमध्ये आणि विसर्ग क्युसेकमध्ये सांगितला जातो. या तीन एककांचा परस्परसंबंध समजल्याशिवाय पुराच्या बातम्यांचा अर्थ लागत नाही. एक चौरस किलोमीटर क्षेत्रावर एक मिलिमीटर पाऊस पडल्यास एक हजार घनमीटर पाणी जमा होते. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, अर्थात सुमारे २.८३ कोटी घनमीटर. एक क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट पाणी. एक लाख क्युसेक विसर्ग दिवसभर चालू राहिला तर ८.६४ टीएमसी पाणी वाहून जाते.

कोयना धरणाचे पाणलोट क्षेत्र सुमारे ८९२ चौरस किलोमीटर आहे. त्यावर एका दिवसात सर्वत्र १०० मिलिमीटर पाऊस झाला आणि ते सर्व पाणी धरणात आले असे धरल्यास सुमारे ३.१५ टीएमसी पाणी जमा होते. हा दिवसभर सरासरी सुमारे ३६ हजार क्युसेकचा प्रवाह होय. धरण भरलेले असताना पाऊस याच्या तिप्पट झाला, तर एक लाख क्युसेकहून अधिक पाणी सोडण्याखेरीज पर्याय उरत नाही.

संगम आणि फुगवटा

दोन नद्यांच्या संगमावर मोठ्या नदीची पातळी उंचावली की लहान नदीच्या पाण्याला बाहेर पडण्यास वाव राहत नाही. ते मागे साचत जाते. याला फुगवटा म्हणतात. कृष्णा दुथडी भरून वाहत असताना नृसिंहवाडीजवळ पंचगंगेचे पाणी तुंबते आणि शिरोळ तालुक्यातील अनेक गावे दोन्ही नद्यांच्या पाण्याने वेढली जातात. हरिपूरजवळ वारणेला पूर असेल तर सांगलीजवळ कृष्णेची पातळीही लवकर उतरत नाही. मैदानाचा उतार अल्प असल्याने फुगवट्याचा परिणाम बऱ्याच अंतरापर्यंत जाणवतो.

डोंगरातून मैदानापर्यंत पाणी पोहोचण्यास वेळ लागतो. कोयना धरणातून सोडलेले पाणी काही तासांत कराडला आणि साधारण एका दिवसाने सांगलीला पोहोचते. हा अवधी पूर्वसूचनेच्या दृष्टीने अत्यंत मोलाचा आहे. पूर चढण्यास वेळ लागतो तसा ओसरण्यासही लागतो. २०१९ मध्ये अनेक गावांत पाणी आठवडाभर राहिले.

पूर आणि लोकजीवन

पुराशी जुळवून घेणाऱ्या काही परंपरा या खोऱ्यात आहेत. नृसिंहवाडीच्या दत्त मंदिरात पुराचे पाणी उत्तर दिशेने शिरून दक्षिण दाराने बाहेर पडू लागले की ‘दक्षिणद्वार सोहळा’ साजरा होतो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे पावसाळ्यापूर्वी काढून ठेवले जातात, जेणेकरून पूर विनाअडथळा वाहून जावा. यांतील किती बंधारे पाण्याखाली गेले, यावरून कोल्हापूर जिल्ह्यात पुराच्या चढत्या अवस्थेचा अंदाज घेतला जातो.

धरणे आणि पूर

खोऱ्यातील सर्वांत मोठे धरण कोयना असून त्याची साठवण क्षमता सुमारे १०५ टीएमसी आहे. त्याखालोखाल वारणेवरील चांदोली (सुमारे ३४ टीएमसी), दूधगंगेवरील काळम्मावाडी (सुमारे २५ टीएमसी), कृष्णेवरील धोम (सुमारे १३.५ टीएमसी) आणि वेण्णेवरील कण्हेर (सुमारे १० टीएमसी) ही धरणे येतात. भोगावतीवरील राधानगरी धरणाचे काम छत्रपती शाहू महाराजांच्या काळात सुरू झाले. त्याची क्षमता सुमारे ८.४ टीएमसी असून त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याची पातळी ठरावीक उंचीवर पोहोचताच आपोआप उघडतात.

ही धरणे सिंचन, वीजनिर्मिती आणि पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेली आहेत. पावसाळ्याच्या अखेरीस ती पूर्ण भरलेली असणे हे त्यांचे उद्दिष्ट असते. पूरनियंत्रणासाठी मात्र ऐन पावसाळ्यात त्यांत रिकामी जागा ठेवावी लागते. या दोन गरजा परस्परविरोधी आहेत. जुलैमध्ये जागा रिकामी ठेवली आणि पुढे पावसाने ओढ दिली तर टंचाईचा धोका. धरण लवकर भरले आणि ऑगस्टमध्ये अतिवृष्टी झाली तर पुराचा धोका. कोणत्या तारखेला किती साठा ठेवावा हे ठरवणाऱ्या जलाशय परिचालन आराखड्यात यांचा समतोल साधण्याचा प्रयत्न असतो.

कोयनेच्या पाणलोट क्षेत्रावर वर्षाला सुमारे ५,००० मिलिमीटर पाऊस धरल्यास एकूण सुमारे १५७ टीएमसी पाणी होते. यातील काही भाग बाष्पीभवनात व जमिनीत मुरण्यात जातो, तरीही उरलेले पाणी धरणाच्या क्षमतेहून बरेच अधिक असते. कोयनेचे काही पाणी वीजनिर्मितीसाठी बोगद्यांतून पश्चिमेकडे वाशिष्ठी नदीच्या खोऱ्यात सोडले जाते. कृष्णा पाणीतंटा लवादाने त्यासाठी वार्षिक ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. हा विसर्ग वर्षभर थोडाथोडा होतो, त्यामुळे ऐन पुरात त्याचा उपयोग मर्यादित असतो.

धरणांच्या खाली मोठे ‘मुक्त पाणलोट क्षेत्र’ शिल्लक राहते. तेथील पाऊस कोणत्याही धरणात न अडता थेट नदीत येतो. म्हणून सर्व धरणांचे दरवाजे बंद असतानाही कोल्हापूर आणि सांगली येथे पूर येऊ शकतो.

प्रमुख महापूर

सांगलीत पुराची पातळी १९२९ मध्ये बांधलेल्या आयर्विन पुलाजवळ मोजली जाते. तेथे इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. कोल्हापुरात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. तेथील इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे.

२००५ : जुलैच्या अखेरीस व ऑगस्टच्या प्रारंभी झालेल्या पावसाने आयर्विन पुलाजवळ पाणी सुमारे ५३ फुटांपर्यंत चढले. त्यानंतर बराच काळ २००५ची पूररेषा हाच नागरिकांच्या दृष्टीने कमाल पुराचा मापदंड होता.

२०१९ : जुलैच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत घाटमाथ्यावर पाऊस जवळजवळ अखंड पडत राहिला. धरणे भरत आली असतानाच अतिवृष्टी झाल्याने धरणांचा विसर्ग आणि मुक्त पाणलोट क्षेत्रातील पाणी एकत्र आले. आयर्विन पुलाजवळ पातळी ५७ फुटांच्या वर आणि राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली. पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ शिरोली येथे अनेक दिवस बंद राहिला. चार लाखांहून अधिक लोकांना सुरक्षित स्थळी हलवावे लागले. ८ ऑगस्ट रोजी ब्रह्मनाळ येथे पुरातून बाहेर पडणाऱ्या ग्रामस्थांची बोट उलटून अनेकांचा मृत्यू झाला. ज्या घरांत २००५ मध्ये पाणी शिरले नव्हते, तेथील अनेकांनी याही वेळी पाणी येणार नाही असे गृहीत धरले होते. हा गैरसमज या पुरात महाग पडला.

२०२१ : २२ व २३ जुलै रोजी अल्पावधीत विक्रमी पाऊस झाला. राजाराम बंधाऱ्यावर पातळी सुमारे ५६ फुटांपर्यंत, तर आयर्विन पुलाजवळ सुमारे ५५ फुटांपर्यंत पोहोचली. याच पावसात पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी कोसळून मोठी जीवितहानी झाली. २०१९चा पूर दीर्घकाळ चाललेल्या पावसाचा, तर २०२१चा पूर अल्पकाळातील तीव्र पावसाचा होता. दोन्ही मार्गांनी पाणी जवळपास सारख्याच पातळीला जाऊ शकते, हे या तुलनेतून स्पष्ट होते.

पश्चिम उतारावरील नद्यांशी तुलना

सह्याद्रीच्या त्याच माथ्यावरून पश्चिमेकडे उतरणाऱ्या नद्यांचे पूर अगदी वेगळ्या स्वरूपाचे असतात. सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावून पोलादपूर, महाडमार्गे बाणकोटच्या खाडीत मिळते. तिची लांबी सुमारे ११० किलोमीटर आहे. वाशिष्ठी नदी चिपळूणवरून दाभोळच्या खाडीला जाते. या नद्या जवळजवळ उभ्या कड्यांवरून कोसळतात आणि लगेच भरती-ओहोटीच्या टापूत पोहोचतात. त्यामुळे पूर काही तासांत चढतो आणि पाऊस थांबताच साधारणपणे लवकर ओसरतो. मात्र त्याच वेळी समुद्राला भरती असल्यास पाणी खाडीत शिरू शकत नाही आणि महाड, चिपळूण या शहरांत साचते. २ ऑगस्ट २०१६ रोजी सावित्रीच्या पुरात महाडजवळील ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण शहर पाण्याखाली गेले.

पूर्वेकडील पुरात सावध होण्यास वेळ मिळतो, पण पाणी अनेक दिवस राहते. पश्चिमेकडील पुरात वेळ मिळत नाही. म्हणून सांगलीसाठी विसर्गाचे वेळापत्रक आणि टप्प्याटप्प्याने स्थलांतर, तर महाड-चिपळूणसाठी पावसाचा काही तासांपुरता अचूक अंदाज आणि भरतीच्या वेळा यांना अधिक महत्त्व येते.

पूररेषा आणि संभाव्यता

महाराष्ट्रात नदीकाठच्या बांधकामांच्या नियमनासाठी दोन पूररेषा आखल्या जातात. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा निळ्या रेषेने, तर सरासरी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा लाल रेषेने दाखवतात. निळ्या रेषेच्या आतील क्षेत्र निषिद्ध, तर निळ्या व लाल रेषांमधील क्षेत्र नियंत्रित मानले जाते.

‘१०० वर्षांतून एकदा’ या शब्दप्रयोगाचा अर्थ पुढील पूर शंभर वर्षांनी येईल असा नाही. कोणत्याही एका वर्षात तो येण्याची शक्यता एक टक्का आहे, एवढाच त्याचा अर्थ होतो. तीस वर्षांच्या काळात असा पूर किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के असते. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या बाबतीत हीच शक्यता सुमारे ७१ टक्के होते. निळ्या रेषेच्या आत घर बांधणाऱ्या कुटुंबाला एका पिढीत पूर पाहावा लागण्याची शक्यता न लागण्याच्या शक्यतेपेक्षा कितीतरी अधिक आहे.

ही गणिते जुन्या नोंदींवर आधारलेली असतात. पावसाचे स्वरूप बदलत असेल, नदीपात्र गाळाने वा भरावाने अरुंद होत असेल, तर जुन्या नोंदींवरून काढलेली रेषा प्रत्यक्षात अपुरी ठरते. सतरा वर्षांत तीन महापूर आल्यानंतर पूररेषांच्या फेरआखणीची मागणी पुढे आली.

कारणमीमांसा आणि वाद

२०१९च्या महापुरानंतर राज्य शासनाने जलसंपदा विभागाचे निवृत्त प्रधान सचिव नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यास समिती नेमली. समितीने २०२० मध्ये अहवाल सादर केला. नदीपात्रातील व पूरमैदानातील अतिक्रमणे, पात्राची घटलेली वहनक्षमता आणि पूर्वसूचना यंत्रणेची सुधारणा हे या चर्चेतील प्रमुख विषय राहिले.

सर्वाधिक वाद कर्नाटकातील अलमट्टी धरणाविषयी आहे. हे धरण सांगलीपासून नदीमार्गाने दोनशे किलोमीटरहून अधिक खाली आहे. त्याची सध्याची पूर्ण संचय पातळी ५१९.६ मीटर असून कृष्णा पाणीतंटा लवाद-२ ने ती ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवण्यास अनुमती दिली आहे. या धरणाच्या फुगवट्यामुळे सांगली-कोल्हापूरचा पूर वाढतो, अशी या भागातील अनेक नागरिकांची व संघटनांची भूमिका आहे. जलाशयाचा फुगवटा इतक्या वरपर्यंत पोहोचत नाही, असे याच्या विरोधातील मत आहे. वडनेरे समितीनेही २०१९च्या पुरासाठी अलमट्टीला मुख्य कारण मानले नाही. उंची वाढविण्यास महाराष्ट्रातून विरोध कायम आहे. मधल्या टप्प्यातील पूल, त्यांच्या जोडरस्त्यांचे भराव आणि बंधारे यांमुळे होणाऱ्या अडथळ्यांचा विचार या वादात अनेकदा मागे पडतो. महामार्गाचा भराव पूरमैदानाला आडवा असेल आणि त्यात पाणी जाण्यास पुरेशा मोऱ्या नसतील, तर तो मर्यादित स्वरूपात बांधासारखेच काम करतो.

पश्चिम घाटातील भूवापराचाही प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटाने २०११ मध्ये, तर के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने २०१३ मध्ये घाटातील संवेदनशील क्षेत्रांविषयी अहवाल दिले.

उपाययोजना

पुराचे पाणी बोगदे व कालव्यांद्वारे पूर्वेकडील दुष्काळी भागात वळवण्याची कल्पना या खोऱ्यात विशेष लोकप्रिय आहे. पूर व अवर्षण एकाच जिल्ह्यात शेजारी असल्याने ती आकर्षक वाटते. तिची मर्यादा मात्र आकड्यांतून दिसते. महापुरात नदीतून लाखो क्युसेक पाणी वाहत असताना काही हजार क्युसेक क्षमतेच्या कालव्याने पातळीत फारसा फरक पडत नाही. दुष्काळी भागातील तलाव भरण्यासाठी मात्र तेवढे पाणीही मोलाचे ठरते. म्हणजे अशी योजना पूरनियंत्रणापेक्षा पाणीपुरवठ्याची योजना म्हणून अधिक उपयुक्त आहे.

अन्य उपायांत घाटमाथ्यावर पर्जन्यमापकांचे दाट जाळे, धरणांतील विसर्गाचा महाराष्ट्र व कर्नाटक यांच्यातील समन्वय, परिचालन आराखड्यांचे नूतनीकरण, पूररेषांची काटेकोर अंमलबजावणी, पुलांच्या मोऱ्या वाढवणे आणि सतत बुडणाऱ्या वस्त्यांचे पुनर्वसन यांचा समावेश होतो. यांपैकी कोणताही एक उपाय पुरेसा नाही. घाटमाथ्यावरील पाऊस, हाताच्या बोटांसारख्या नद्या आणि सपाट मैदान ही रचना बदलता येण्याजोगी नाही. त्या मैदानात पाण्यासाठी किती जागा मोकळी ठेवायची, हे मात्र नियोजनाच्या हाती आहे.

हेसुद्धा पहा

कृष्णा नदी
कोयना धरण
पंचगंगा नदी
वारणा नदी
सह्याद्री
अलमट्टी धरण
कोल्हापूर पद्धतीचा बंधारा